लॉनवरचे वाळलेले चट्टे: औषधाच्या आधी खुरपं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात बंगल्यापुढं १,२०० चौरस फुटांचं सिलेक्शन वन जातीचं लॉन आहे, लावून तीन वर्षं झाली. माती काळी. कंपाउंडच्या पलीकडं ऊस. ऑगस्ट संपता संपता ताटाएवढे पिवळे चट्टे दिसायला लागले. आता सप्टेंबरचा मध्य आहे आणि ते एकमेकांत मिसळून घोंगड्याएवढे झालेत. सगळे मिळून दोनशे चौरस फूट तरी गेलं असेल. माळ्याच्या सांगण्यावरून आधी पाणी वाढवलं, मग दोन किलो युरिया फेकला, मग आठवड्यापूर्वी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारलं. फरक काही नाही. सकाळी साळुंक्या आणि बगळे उतरून त्याच भागात चोची मारत बसतात. सगळं उकरून नवं लॉन टाकावं का?

उत्तर:

नवं लॉन आत्ता टाकू नका. जुनं ज्यानं खाल्लं ते अजून मातीतच असेल, तर नवंही खाईल.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी सांगितलीय: साळुंक्या आणि बगळे. बगळा वाळक्या गवतात उगाच वेळ घालवत नाही. शेजारी ऊस, ऑगस्टअखेरची सुरुवात, पाण्यानं आणि बुरशीनाशकानं न थांबलेला चट्टा आणि वर पक्षी, एवढं सगळं जुळलं की पहिला संशय हुमणीवर, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर जातो. पण संशयावर औषध टाकायचं नाही. लॉनवर आतापर्यंत तीन उपाय झाले आणि तिन्ही माती न उघडता झाले. एक खुरपं, एक बादली आणि अर्धा तास एवढ्यात उत्तर हातात येतं.

कडेला उघडा, मध्ये नाही

चट्ट्याच्या मधोमध जे असतं तो जुना इतिहास. जे चाललंय ते कडेला चाललेलं असतं, जिथं हिरवं संपून पिवळं सुरू होतं त्या चार बोटांच्या पट्ट्यात. तिथं उभं राहून आधी मूठभर गवत धरा आणि सरळ वर ओढा. पान तुटून हातात आलं तर मुळं शाबूत आहेत. गवत चटईसारखं, मातीसकट न येता, खालून कापल्यासारखं उचललं गेलं तर मुळं कुणीतरी खाल्लीत.

मग धारदार खुरप्यानं किंवा फावड्यानं फूट बाय फूट चौकोनाच्या तीन बाजू कापा, खोली तीन इंच. चौथी बाजू तशीच ठेवून तुकडा वहीचं पान उलटावं तसा उलटा करा. उलटलेल्या तुकड्याची माती बोटांनी चुरा आणि खालची दोनेक इंच माती खुरप्यानं सैल करून बघा. मोजा. अशी पाच ठिकाणं करा: तीन चट्ट्यांच्या कडेला, एक पूर्ण वाळलेल्या भागात, एक चांगल्या हिरव्या भागात. वाळलेल्या मध्यभागी बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, कारण खायचं संपल्यावर अळी पुढं सरकते. लोक नेमकं तिथंच उकरतात आणि 'काही नाही' म्हणून मोकळे होतात. तपासून झालं की तुकडा परत बसवा, पायानं दाबा आणि तांब्याभर पाणी घाला. हिरव्या भागातला तुकडा असा लगेच बसवला तर मरत नाही.

हुमणीची अळी पांढुरकी, अर्धवर्तुळात वाकलेली, डोकं तपकिरी, छातीशी सहा पाय आणि मागचं टोक आतल्या मातीमुळे काळसर. सप्टेंबरात ती तिसऱ्या अवस्थेत असते, म्हणजे चांगली दीड-दोन इंचाची. चौरस फुटात एखाद-दुसरी सापडली तर निरोगी लॉन ते सोसतं, हातानं वेचा आणि सोडून द्या. चार-पाच किंवा जास्त सापडल्या तर उपाय करायला हवा.

इथं एक गफलत नेहमी होते. शेणखतातही अशाच दिसणाऱ्या अळ्या असतात. त्यांतल्या बऱ्याचशा कुजलेलं खाऊन जगतात, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाहीत. सापडलेली अळी सपाट फरशीवर ठेवून मिनिटभर बघा. उताणी होऊन पाठीवर सरपटत पुढं गेली तर ती खतातली, तिला खताच्या ढिगात टाका. कुशीवर वाकून तशीच पडून राहिली किंवा पायांनी कशीबशी ओढत गेली तर हुमणी धरून चाला. पण ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण गेंड्या भुंग्याची खतातली अळीही कुशीवरच पडते. मुळं खाल्लेली आहेत का हे सोबत बघायचंच.

हुमणी निघाली तर

तिचं वर्ष समजून घ्या, म्हणजे उपाय कधी लागू पडतो ते कळेल. वळवाचे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की मे-जूनमध्ये भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि पहाटे ते पुन्हा मातीत जातात. माद्या ओलसर मातीत अंडी घालतात. जूनअखेर ते जुलैत अळी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि थोड्या औषधानंही मरते. ऑगस्टपासून ती मोठी, खादाड आणि निबर होते. थंडीच्या सुरुवातीला ती खोल जाऊन कोष करते. वर्षात एकच पिढी. म्हणजे तुम्ही आत्ता उशिरा पोचलाय, पण हरलेले नाही. नोव्हेंबरपर्यंत ती खातच राहणार, तेव्हा 'आता थंडीत आपोआप जाईल' म्हणून थांबू नका.

पहिलं काम हातानं. जो भाग चटईसारखा उचलतोय तो गेलेलाच आहे. तो गुंडाळत जा, खालच्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. दोनशे चौरस फुटांचं हे काम दोन माणसांचं एका सकाळचं आहे आणि कुठल्याही औषधापेक्षा खात्रीचं. उघडी माती दोन दिवस तशीच ठेवा, राहिलेलं साळुंक्या बघून घेतील. त्यांना हाकलू नका.

दुसरं काम उरलेल्या हिरव्या भागासाठी, कारण कडेच्या अळ्या तिकडं सरकलेल्या असतात. मेटारायझियम ही अळीवर वाढणारी बुरशी यासाठी चांगली. उसाला हेक्टरी २० किलो वापरतात, त्या हिशेबानं १,२०० चौरस फुटांना पाव किलो पुरते. २५ किलो पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात ती कालवा, सावलीत ओलसर ठेवून आठवडाभर गोणपाटाखाली झाका, मग संध्याकाळी लॉनवर पसरून पाणी द्या. अळी आठ-पंधरा दिवसांनी मरायला लागते. मेलेली अळी कडक होते आणि तिच्यावर आधी पांढरी, मग हिरवी बुरशी दिसते.

पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. तुम्ही आठवड्यापूर्वी कार्बेन्डाझिम फवारलंय. ते बुरशी मारण्यासाठीच असतं आणि मेटारायझियम ही चांगली बुरशी आहे की वाईट हे त्याला कळत नाही. फवारणीपासून तीन आठवडे तरी जाऊ द्या. तोवर थांबायचं नसेल तर परोपजीवी सूत्रकृमी वापरा. हे डोळ्यांना न दिसणारे जंतासारखे जीव अळीच्या अंगात शिरून तिला दोन-तीन दिवसांत मारतात. बुरशीनाशकाचा त्यांना फारसा त्रास नाही, त्रास उन्हाचा आणि कोरड्या मातीचा आहे. म्हणून आदल्या दिवशी लॉन भिजवा, सूर्य मावळल्यावर टाका, फवारणी पंपाच्या नोझलमधली बारीक जाळी काढून टाका आणि नंतर लगेच वरून ५ मि.मी. पाणी द्या. तुमच्या लॉनला ५ मि.मी. म्हणजे साधारण ५५० लिटर. पाकीट घेताना तारीख बघा, ते थंड ठिकाणी ठेवलं होतं का ते विचारा. दुकानाच्या काचेत उन्हात पडलेलं पाकीट फुकट मिळालं तरी घेऊ नये.

रासायनिक औषध मी शेवटी ठेवतो, कारण लॉनवर मुलं लोळतात. चौरस फुटात आठ-दहा अळ्या असतील तर मात्र पर्याय राहत नाही. इमिडाक्लोप्रिड ४० टक्के आणि फिप्रोनिल ४० टक्के असं एकत्रित दाणेदार औषध उसातल्या हुमणीला हेक्टरी सुमारे ४४० ते ५०० ग्रॅम वापरतात. गणित करा: १,२०० चौरस फूट म्हणजे १११ चौरस मीटर, त्याला लागतं जेमतेम साडेपाच ग्रॅम. लिटरला इतके ग्रॅम असा अंदाज लावून झारीत ओतलं तर सहज दसपट जातं. स्वयंपाकघराबाहेरच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. १०० लिटर पाण्यात मिसळून झारीनं सगळीकडं सारखं टाका आणि वरून पाणी देऊन पानांवरचं मातीत उतरवा. त्याआधी लॉनमधल्या तणांची फुलं कापून घ्या, ही दोन्ही औषधं मधमाश्यांना फार घातक आहेत. विहीर, बोअर, माशांचा हौद किंवा नाल्याकडं उतार असेल तर वापरू नका. पाऊस पडायच्या बेतात असेल तेव्हाही नको. माती-पानं पूर्ण वाळेपर्यंत, खरं तर दोन-तीन दिवस, मुलं आणि कुत्री आत नकोत. हातमोजे आणि गमबूट हवेतच.

कुणी 'थिमेट टाका, जुना आणि जालीम' असं सांगेल. थिमेट म्हणजे फोरेट, त्यावर देशात डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आहे, आणि ती नसती तरी घरासमोरच्या गवतात ते टाकण्यासारखं नव्हतं.

युरिया आणि पाण्याबद्दल

दोन किलो युरिया तुमच्या लॉनला एका वेळी फार झाला. चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या सगळ्या लॉनला साडेपाचशे ग्रॅम, हा एका हप्त्याचा सुरक्षित डोस. तुम्ही साडेतीन पटींनी जास्त दिलाय. त्यामुळे काही चट्टे हुमणीचे आणि काही युरियाच्या चटक्याचे असे मिसळलेले असू शकतात. ओळख सोपी आहे. चटक्याचे चट्टे खत टाकल्यापासून दोन-चार दिवसांत दिसतात, मूठ फेकल्याच्या दिशेनं पंख्यासारखे पसरलेले असतात, कडा एकदम स्पष्ट असते आणि ते पुढं वाढत नाहीत. तिथलं गवत ओढलं तर मुळं घट्ट असतात. अशा जागी खालचे खोड-कांडे चिमटीत धरून बघा. आत पांढरं, लवचीक असेल तर जिवंत आहे, महिन्याभरात फुटेल. तपकिरी आणि काडीसारखं मोडत असेल तर गेलं. इथं औषधाचा संबंध नाही, भरपूर पाणी देऊन युरिया खाली उतरवणं एवढंच.

युरिया टाकायची वेळही चुकते. दव असताना किंवा पाणी दिल्या दिल्या टाकला की दाणा ओल्या पानाला चिकटतो आणि तिथंच जाळतो. पानं कोरडी, माती ओलसर, टाकून झाल्यावर लगेच पाणी, हा क्रम. सगळा एकदम फेकण्याऐवजी अर्धा डोस उभा आणि अर्धा आडवा असा दोनदा फेकला तर ओघळ पडत नाहीत.

मुळं खाल्लेल्या गवताला पाणी वाढवून उपयोग नसतो, प्यायला तोंडच नाही. उलट काळ्या मातीत सप्टेंबरात जास्तीचं पाणी दिलं की हवा संपते आणि उरलेली मुळंही गुदमरतात. लॉनला पाऊस धरून आठवड्याला सुमारे २५ मि.मी. पाणी लागतं, तुमच्या क्षेत्राला २,८०० लिटर. कडक उन्हाळ्यात ३५ मि.मी. धरा. काळी माती पाणी हळू पिते, म्हणून एका दमात देऊ नका. पंधरा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा पंधरा मिनिटं. आठवड्यातून दोनदा खोलवर दिलेलं पाणी रोज शिंपडलेल्या पाण्यापेक्षा बरं, कारण रोज शिंपडलं की मुळं वरच्या इंचभरातच राहतात आणि एप्रिलमध्ये जमीन भेगाळली की तीच आधी तुटतात.

अळ्या निघाल्याच नाहीत तर

मग चट्ट्याचा आकार आणि जागा वाचायची.

मुळं घट्ट, पानं मात्र कुरतडलेली आणि दोन-तीन रात्रींत भला मोठा भाग करडा झाला, तर लष्करी अळी बघा. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे बादलीच्या पाच लिटर पाण्यात कालवून एका चौरस मीटरवर ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. हुमणी मात्र या पाण्यानं वर येत नाही, म्हणून या चाचणीवरून ती नाही असं ठरवू नका. लष्करी अळीनं फक्त पानं खाल्लेली असतात, लॉन पंधरा दिवसांत स्वतःच सावरतं.

उन्हाळ्यात, कोरड्या कडेला गवताच्या काड्यांवर मातीचं लिंपण दिसलं तर वाळवी. बहुतेकदा ती जमिनीत गाडलेल्या फळीच्या तुकड्यावर किंवा जुन्या झाडाच्या बुंध्यावर जगत असते. तो काढल्याशिवाय वरचं औषध पुरं पडत नाही.

बुरशी हा मृगापासून सप्टेंबरपर्यंतचा खरा उमेदवार आहे, पण तिची खूण पानावर असते. सकाळी सहा-साडेसहाला, दव असताना, गुडघ्यावर बसून चट्ट्याच्या कडेला बघा. रुपयाच्या नाण्याएवढे वाळल्या गवताच्या रंगाचे अनेक ठिपके आणि पानावर मधेच फिकट, काठाला तांबूस असा पट्टा दिसला तर तो डॉलर स्पॉट. हा उपाशी लॉनचा रोग आहे, त्याला हलकं नत्र दिलं तरी निम्मा जातो. फूट-दोन फुटांचं गोल आणि ओल्या सकाळी कडेला धुरकट कंगोरा दिसत असेल तर तपकिरी चट्टा रोग. हा उलट अती नत्रावर पोसतो. पानं तेलकट, चिकटलेली, पांढऱ्या कापसासारखे धागे आणि पाणी वाहून गेलेल्या रेषेतच मर असेल तर पिथियम. शंका असेल तर कडेचा मूठभर तुकडा ओल्या कागदासोबत झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. बुरशी असेल तर सकाळी धागे दिसतात.

हा फरक कळायला हवा, कारण औषध वेगळं आहे. पहिल्या दोन रोगांना प्रोपिकोनॅझोल २५ टक्के लिटरला १ मि.ली. किंवा कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम चालतं. पिथियमवर कार्बेन्डाझिम अजिबात चालत नाही, तिथं मेटालॅक्झिल आणि मँकोझेब एकत्र असलेली पावडर लिटरला २.५ ग्रॅम लागते. तुमच्या क्षेत्राला १० लिटर द्रावण पुरतं. एकच औषध महिनोन् महिने मारत राहू नका. पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्या, म्हणजे पानं रात्रभर ओली राहत नाहीत. बुरशीच्या निम्म्या तक्रारी या एका बदलानं मिटतात.

चट्टा दर उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच आकाराचा येत असेल तर रोगाच्या मागे लागूच नका. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जागोजागी खुपसा. चांगल्या भागात सहा इंच जातो आणि चट्ट्यात दोन इंचांवर 'टक्' करून थांबतो, तर खाली बांधकामाचा राडारोडा आहे: विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ, कधी अख्खी स्लॅबची खपली. आर. के. नगर, पाचगाव बाजूला मुरमावर जेमतेम तीन इंच माती टाकून लॉन केलेली असतात, तिथं हे सर्रास दिसतं. पहार घेऊन काढा आणि किमान सहा-आठ इंच माती भरा. दुसरा उपाय नाही.

तुषार सिंचन असेल तर पाच-सहा सारखे सरळ काठाचे डबे लॉनवर ठेवून पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीनं मोजा. एका डब्यात १२ मि.मी. आणि एकात ३ मि.मी. पडलं तर चट्टा नोझलचा आहे.

उरलेली कारणं झटपट. मधे वाळकं आणि भोवती गर्द हिरवं कडं म्हणजे कुत्र्याचं मूत्र. लगेच बादलीभर पाणी ओतणं हाच इलाज. तळहाताएवढा, ब्लेडनं कापल्यासारख्या कडेचा चट्टा म्हणजे मशीनचं पेट्रोल किंवा ऑइल सांडलंय. सहा इंच माती काढून फेका आणि पुढच्या वेळी टाकी फरशीवर भरा. आंब्याखाली दरवर्षी विरळ होत असेल तर ते ऊन कमी पडल्यानं. सिलेक्शन वनला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं, तिथं रुंद पानाचं सावलीतलं कार्पेट ग्रास लावा आणि भांडण मिटवा. बोअरच्या पाण्यावर लॉन असेल आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी खपली येत असेल तर माती-पाणी तपासून घ्या. जिप्सम फक्त चोपण, म्हणजे सोडियम वाढून चिकट-कडक झालेल्या जमिनीला आणि तेही निचरा केल्यावर उपयोगी पडतं. नुसत्या क्षारांना चांगल्या पाण्यानं धुणंच लागतं.

लग्नाचं लॉन सांभाळणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. मॅटिंग एक दिवस चालतं, तीन दिवस उन्हात अंथरून ठेवलं की खालचं गवत शिजतं. आचाऱ्याची भट्टी आणि भांडी धुण्याचं गरम खरकटं पाणी लॉनवर येऊच द्यायचं नाही. तिथल्या चट्ट्यांना कुठलंही औषध नाही.

आणि बावड्यात आहात म्हणून पुराचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन पुरांनंतर नदीकाठच्या कितीतरी बागा गाळाखाली गेल्या. सिलेक्शन वन ही हरळीचीच निवड आहे, काही दिवस पाण्याखाली ती तगते. ती मरते पाणी ओसरल्यावर वर बसलेल्या गाळाच्या थरानं. गाळ ओला असतानाच फळीनं ओढून आणि पाईपनं धुऊन काढा. वाळून पापुद्रा झाला की त्याखाली हवा जात नाही. पाव इंचाहून कमी राहिला तर काटेरी दाताळ्यानं भोकं पाडून सोडून दिलं तरी गवत वर येतं.

चट्टे भरायचे कसे

हुमणीचा बंदोबस्त करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चार ठिकाणी फूटभर तुकडे उघडून बघा. चौरस फुटाला एकापेक्षा कमी अळ्या असतील तरच लावणी करा. तुमच्या हिशेबात ती वेळ ऑक्टोबरमध्ये येते आणि ती सोयीची आहे. ऑक्टोबरच्या उन्हात हरळी जोमानं पळते. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड झाल्या की ती बसून राहते, तेव्हा लावलेलं मरत नाही पण वाढतही नाही आणि मधे लव्हाळ्याचं तण घुसतं.

मेलेलं गवत कडेपासून तीन इंच जास्त, म्हणजे हिरव्यात थोडं शिरून, सरळ रेषेत कापून काढा. वाकड्यातिकड्या कडेला नवा तुकडा नीट बसत नाही. माती वाफशावर आल्यावरच हलवा. काळी माती ओली असताना खणली की ढेकळं होतात आणि ती पुन्हा फुटत नाहीत. मूठ करून दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारल्यावर तो फुटावा, एवढी ओल. सहा इंच सैल करा, दर दहा चौरस फुटांना एक घमेलं पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यातून लव्हाळ्याच्या गाठी आणि भुंगेऱ्यांची अंडी दोन्ही येतात. निचऱ्यासाठी काळ्या मातीत दोन घमेली वाळू ओतायचा मोह आवरा. थोडी वाळू आणि चिकण माती यांची वाळल्यावर वीट होते. त्यापेक्षा तांबडी पोयट्याची माती निम्मी मिसळा. पृष्ठभाग फळीनं सपाट करा, पायानं हलकं तुडवा आणि जुन्या लॉनपेक्षा अर्धा इंच उंच ठेवा, ती बसणारच आहे.

दोनशे चौरस फुटांना दोनशे चौरस फूट कार्पेट, म्हणजे तयार लॉनचे तुकडे, विकत घ्यायची गरज नाही. एक चौरस फूट तुकड्याचे दोन-दोन इंचांचे छत्तीस गड्डे होतात. ते चार-चार इंचांवर लावले तर फुटाला नऊ लागतात. म्हणजे ५० चौरस फूट कार्पेटमध्ये तुमचं काम होतं आणि पाच-सहा आठवड्यांत भरून येतं. गडबड असेल, घरात कार्य असेल, तर पूर्ण तुकडे टाका. पण जात तीच घ्या. नर्सरीत 'मेक्सिकन' म्हणून मिळणाऱ्या गवताचा तुकडा सिलेक्शन वनमध्ये लावला तर ठिगळ कायमचं दिसत राहील. शक्य असेल तर गड्डे स्वतःच्याच लॉनच्या मागच्या कोपऱ्यातून काढा. बाहेरून आणलेत तर प्रत्येक तुकडा उलटा करून मुळांकडची माती बघा, हुमणी आणि लव्हाळा बहुतेकदा याच वाटेनं घरात येतात.

गड्ड्याचा कांड्याचा भाग मातीच्या बरोबरीत, पानं वर. लावून झाल्यावर अर्धी माती आणि अर्धं चाळलेलं खत यांचा पाव इंचाहून कमी थर पसरा, दोनशे चौरस फुटांना सहा-सात घमेली पुरतात. पहिले दहा दिवस सकाळ-दुपार हलकं पाणी, माती ओलसर राहण्यापुरतं. नंतर दिवसाआड, मग जुन्या लॉनच्या बरोबरीनं. तिसऱ्या आठवड्यात एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विरघळणारं खत लिटरला ५ ग्रॅम झारीनं द्या, युरिया नको. तुकडा ओढल्यावर हलत नसेल आणि गवत अडीच इंच झालं असेल तेव्हा पहिली कापणी, तीही धारदार पात्यानं आणि उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही.

मेअखेर पहिला वळीव झाला की संध्याकाळी सात ते नऊ गेटच्या दिव्याखाली आणि जवळच्या कडुनिंबावर बघा. भुंगेरे दिसले तर फांद्या हलवून खाली पाडा आणि थोडं रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात गोळा करा, पहिले आठ-दहा दिवस रोज. शेजारचा शेतकरी उसात प्रकाशसापळा लावत असेल तर त्याच्याशी बोलून एकाच वेळी करा, नाहीतर त्याचे भुंगेरे तुमच्याकडं येतील आणि तुमचे त्याच्याकडं. तेव्हा लॉनवरचा बाहेरचा दिवा पांढऱ्याऐवजी पिवळा ठेवा किंवा त्या दोन तासांपुरता बंद करा. मेटारायझियमचा खरा हप्ता जूनअखेर ते जुलैच्या मध्यात, अळी लहान असताना. तेवढाच पाव किलो, तेवढंच २५ किलो खत, आणि त्याच्या आगेमागे तीन आठवडे बुरशीनाशक नाही.